घोडबंदर रस्त्यावरच्या वखारीतला ‘ट्रीटमेंट’ केलेला बांबू: दोन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या एका वखारीतून आमच्या सोसायटीने बागेसाठी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडची प्रक्रिया केलेला बांबू घेतला आणि तिथल्याच कारागिरांकडून तीन कामे करून घेतली: कृष्णकमळ आणि मधुमालती चढवण्यासाठी मांडव, ज्येष्ठांच्या बाकांवर छपरी आणि भाजीच्या वाफ्यांभोवती कमरेएवढे कुंपण. या कामांवरून आता दोन पावसाळे गेले आहेत. बांबूच्या कामाचा अभिप्राय ते उभे राहिल्याबरोबर लिहिण्यात अर्थ नसतो, कारण नवा असताना बिनप्रक्रियेचा बांबूही तितकाच देखणा दिसतो; म्हणून हे मुद्दाम उशिरा लिहीत आहे. वखारीचे नाव देत नाही. पुढे काही तक्रारी येतील, आणि त्या एका दुकानापेक्षा या धंद्यात रूढ झालेल्या सवयींबद्दल अधिक आहेत.

निष्कर्ष आधीच सांगते. छपरी उत्तम स्थितीत आहे, मांडव चांगला आहे, आणि कुंपणाचे खांब जमिनीलगत कुजले. तिन्ही कामांचा बांबू एकाच टाकीतून, एकाच खेपेत निघालेला होता. त्यामुळे ‘ट्रीटमेंट चांगली की वाईट’ एवढेच विचारून भागत नाही. ती कोणत्या रसायनाची आहे, बांबूच्या आत कुठवर पोचली आहे आणि तो बांबू कुठे उभा राहणार आहे, या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. वखारवाले पहिल्या प्रश्नाचे उत्तर लगेच देतात, दुसऱ्याचे विचारल्यावर देतात आणि तिसरा प्रश्न गिऱ्हाइकाचा आहे असे समजतात.

बांबू हे गवत आहे. सागासारख्या झाडाच्या गाभ्यात कीड आणि बुरशी यांना न मानवणारे पदार्थ असतात, तसे बांबूत फारसे काही नसते. उलट त्याच्या पेशींत पिष्टमय पदार्थ भरपूर असतात आणि भुंगेरे त्यासाठीच येतात. टाचणीने पाडल्यासारखी बारीक भोके आणि त्यांच्याखाली जमिनीवर पडलेला पिवळसर भुगा ही त्यांची खूण. ओल मिळाली की बुरशी येते, जमीन मिळाली की वाळवी येते. बिनप्रक्रियेचा बांबू उघड्यावर, मातीला लागून उभा केला तर तो एक ते तीन वर्षे टिकतो, आणि छपराखाली, जमिनीपासून वर असेल तर चार ते सात वर्षे, असा सर्वसाधारण अनुभव तज्ज्ञांनी नोंदवलेला आहे. ठाण्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. एप्रिल-मेच्या उन्हात बांबू तडकतो आणि जूनमध्ये त्याच भेगांतून पाणी आत जाते. त्यामुळे आपल्याकडे वरच्या आकड्यांपैकी खालचा आकडा धरलेला बरा.

आता रसायन आत जाते कसे, हे समजून घेतल्याशिवाय वखारीतल्या कोणत्याही दाव्याची पारख करता येत नाही. बांबूच्या बाहेरच्या सालीत सिलिका असते आणि तिच्यावर मेणचट थर असतो. तिच्यातून पाणीही सहजासहजी शिरत नाही. लाकडात आडव्या दिशेने द्रव वाहून नेणाऱ्या पेशी असतात, त्या बांबूत नाहीत. ज्या नलिकांतून रस वाहतो त्या सगळ्या बुंध्याकडून शेंड्याकडे उभ्या जातात. म्हणजे द्रावण आत शिरते ते कापलेल्या टोकांतून आणि पोकळीच्या आतल्या भिंतीतून. बाहेरून ब्रशने कितीही भारी रसायन लावले तरी ते सालीवरच राहते. हे येथे ठासून लिहिण्याचे कारण असे की ठाणे-कळवा परिसरात ‘ट्रीटेड’ म्हणून विकला जाणारा काही बांबू निव्वळ व्हार्निश मारलेला असतो, आणि विकणाऱ्यालाही त्यात काही गैर वाटत नाही.

या वखारीत मात्र प्रक्रिया खरोखर होते, आणि तिच्याबद्दल मला सर्वांत जास्त लिहायचे आहे. मागच्या अंगणात विटांनी बांधलेली, आतून जाड ताडपत्रीचे अस्तर घातलेली लांब टाकी आहे. बांबू टाकीत घालण्यापूर्वी लांब लोखंडी सळईने त्याची प्रत्येक गाठ आतून फोडतात, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोकळी मोकळी होते आणि द्रावण प्रत्येक पेरात पोचते. ज्या वखारीत सळई दिसत नाही तिथे गाठी बंद राहतात, पेरांत हवा अडकते आणि बांबू पाण्यावर तरंगत फक्त टोकांना भिजतो. येथे बांबूवर दगड ठेवून तो पूर्ण बुडालेला राहील अशी काळजी घेतात. द्रावणाचे प्रमाण भिंतीवर खडूने लिहिलेले होते: शंभर लिटर पाण्याला दोन किलो बोरिक ॲसिड आणि तीन किलो बोरॅक्स. हे पाच टक्क्यांच्या आसपासचे द्रावण झाले, आणि एकास दीड हे वजनाचे प्रमाण सर्वमान्य आहे. दोन्ही पदार्थ एकत्र का घालायचे, असा प्रश्न आमच्या समितीतल्या एका गृहस्थांनी विचारला. थंड पाण्यात यांपैकी कोणताही एकटा फारसा विरघळत नाही. दोन्ही मिळून जो बोरेट क्षार तयार होतो तो कितीतरी अधिक विरघळतो, आणि त्यामुळे हवे ते दाट द्रावण करता येते. मालकांनी याचे उत्तर रसायनशास्त्राच्या भाषेत दिले नाही, पण ‘एकटा बोरॅक्स तळाला बसतो’ हे त्यांचे उत्तर बरोबरच होते.

मालकांनी न सांगता दाखवलेली आणखी एक गोष्ट मला आवडली. टाकीत द्रावणाची घनता मोजण्याचे काचेचे हायड्रोमीटर ठेवलेले आहे. प्रत्येक खेपेबरोबर बांबू द्रावणातले क्षार पिऊन घेतो आणि स्वतःतला रस व साखर पाण्यात सोडतो, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या खेपेपर्यंत टाकीतले पाणी रंगाने गडद, वासाने आंबूस आणि क्षारांनी पातळ झालेले असते. जिथे केवळ पाण्याची पातळी भरत राहतात, तिथे शेवटच्या गिऱ्हाइकाला जवळजवळ साध्या पाण्यात भिजवलेला बांबू मिळतो. बांबू घेण्यापूर्वी टाकी बघावी आणि द्रावण कधी बदलले ते विचारावे. मालकाला राग आला तर ती टाकी आपल्यासाठी नाही असे समजावे.

बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड या दोन्हींतले मूलद्रव्य म्हणजे बोरॉन. बोरॉनचे क्षार आत जातात ते दाबाने नव्हे, ओलीतून हळूहळू पसरत, मिठाच्या पाण्यात टाकलेल्या कैरीत मीठ मुरते तसे. म्हणून बांबू हिरवा, ओला असावा लागतो. वाळून पिवळा पडलेला बांबू टाकीत घातला तर तो फुगतो, पण मुरत नाही. या वखारीत तोडून आलेला बांबू लगेच टाकीत जातो, आठवडा-दहा दिवस बुडवून ठेवतात, मग बाहेर काढून काही दिवस ताडपत्रीखाली ओलाच रचून ठेवतात, म्हणजे पसरण्याचे काम चालू राहते, आणि शेवटी सावलीत उभा करून वाळवतात. हा ताडपत्रीखालचा मधला टप्पा घाईच्या दिवसांत सर्वांत आधी गाळला जातो. आमचा माल मार्चमध्ये तयार होऊन एप्रिलमध्ये आला, त्यामुळे तो वाचला. मेमध्ये, पावसाच्या तोंडावर, ऑर्डरींची रीघ लागते. त्या वेळी माल घेणाऱ्याने हा टप्पा पाळला जाईल असे कागदावर लिहून घ्यावे.

येथे पहिली तक्रार येते. आम्ही दोन प्रकारचे बांबू घेतले होते. मांडवाच्या खांबांना जाड भिंतीचा पोकळ बांबू आणि छपरीच्या पट्ट्यांना व कुंपणाला सिंधुदुर्गातला माणगा. माणगा सरळ वाढतो, काटे नसतात, आणि बुंध्याकडे जवळजवळ भरीव असतो. मजबुतीसाठी त्याची ख्याती योग्यच आहे. परंतु भरीव बांबूत सळई घालता येत नाही. “ताई, माणग्याला पोकळीच नाही, तर गाठ कुठून फोडणार?” असे मालक म्हणाले, आणि ते खरे आहे. प्रश्न त्यापुढचा आहे. पोकळ बांबूत द्रावण आतून आणि टोकांकडून असे दोन्हीकडून मिळते, भरीव बांबूत फक्त टोकांकडून. तेव्हा भरीव बांबूला तेवढ्याच दिवसांत तेवढेच क्षार मिळणार नाहीत. तरीही या वखारीत दोन्ही एकत्र घालतात आणि एकत्र काढतात. माणग्याला जास्त दिवस ठेवावे, किंवा मागच्या बाजूने प्रत्येक पेरात बारीक छिद्रे पाडावीत, नाहीतर तो तुकडे करून मगच टाकीत घालावा, यांपैकी काहीतरी करायला हवे.

माणग्यासाठी खरी योग्य पद्धत बुशेरी यांची. ऑग्युस्त बुशेरी या फ्रेंच गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकात ओल्या लाकडातला रस बाहेर ढकलून त्याच्या जागी रसायन भरण्याची रीत काढली, आणि बांबूसाठी तिची सुधारलेली आवृत्ती आज वापरतात: नुकत्याच तोडलेल्या बांबूच्या बुंध्याला रबरी नळीचे टोपण घट्ट बसवायचे, पंपाने दाब द्यायचा आणि दुसऱ्या टोकातून रस ठिबकत जाऊन शेवटी रसायन येऊ लागेपर्यंत थांबायचे. नलिका उभ्याच असल्याने ही पद्धत बांबूच्या रचनेला अगदी जुळणारी आहे. भरीव असो वा पोकळ, फरक पडत नाही. अट एकच, बांबू तोडल्यापासून साधारण दिवसभराच्या आत हे झाले पाहिजे, नाहीतर नलिका बंद होतात. म्हणजे ती प्रक्रिया बांबूच्या बेटाजवळ, कोकणातच व्हायला हवी. ट्रकने ठाण्यात आलेल्या मालावर नाही. कुडाळची कोनबॅक ही संस्था बांबूवर प्रक्रिया करून त्याची बांधकामे उभारण्याचे काम करते, आणि तळकोकणातून प्रक्रिया होऊनच निघालेला माणगा मिळत असेल तर वाहतुकीचा खर्च धरूनही तो घ्यावा, असे माझे मत आहे. घोडबंदरच्या टाकीला हा दोष देता येणार नाही. मात्र माणगा आणि पोकळ बांबू यांच्यावर सारखीच प्रक्रिया झाली आहे, असे गिऱ्हाइकाला सांगणे मला पटले नाही.

प्रक्रिया आत पोचली की नाही हे तपासण्याची एक सोपी चाचणी आहे आणि तिचे मुख्य साहित्य आपल्या प्रत्येक घरात असते. हळदीतला रंग आम्ल असताना बोरॉनशी संयोग पावून लाल होतो. त्यासाठी हळदीचा स्पिरिटमधला अर्क कापलेल्या पृष्ठभागावर लावून वाळू देतात, आणि त्यावर सॅलिसिलिक ॲसिड घातलेले पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल लावतात. बोरॉन असेल तिथे पिवळा रंग लाल होतो, नसेल तिथे पिवळाच राहतो. आमच्या सोसायटीत रसायनशास्त्राच्या एक निवृत्त शिक्षिका राहतात, त्यांना सगळे बाईच म्हणतात. त्यांनी हातमोजे घालून ही चाचणी वखारीतच करून दाखवली. त्या आधी वखारीतल्या मुलाने आम्हाला नुसते हळदीचे पाणी फासून ‘बघा, लाल झाले’ असे दाखवले होते. हळद चुन्यानेही लाल होते, हे ज्याने घरात कुंकू बनताना पाहिले आहे त्याला सांगायला नको. त्या लालीवरून बोरॉन सिद्ध होत नाही. आम्ल आधी चुन्यासारख्या पदार्थांची लाली घालवते, आणि मग जी लाली उरते ती बोरॉनची. बाईंनी दुसरी मागणी केली ती अधिक मोलाची: तुकडा टोकाचा नको, मधला कापा. पोकळ बांबूचा मधला छेद आतल्या बाजूने छान लाल झाला आणि सालीकडे फिकट होत गेला. माणग्याच्या मधल्या छेदाला कडेला लाल ठिपके आले आणि मध्यभाग पिवळा राहिला. टोकाचा छेद दोघांचाही सारखाच लाल होता. मालकांनी मधला बांबू कापायला नकार दिला नाही, पैसे लावले नाहीत, आणि निकाल पाहून वादही घातला नाही. हा त्यांचा सरळपणा नोंदवायला हवा.

मग कुंपण का कुजले? बोरॉनचा गुण आणि दोष एकच आहे: तो पाण्यात विरघळतो. विरघळतो म्हणून आत जातो, आणि विरघळतो म्हणूनच पावसाने बाहेरही येतो. त्याचे बांबूशी रासायनिक बंधन होत नाही. छपराखाली, ओल्या मातीपासून दूर असलेल्या बांबूत तो वर्षानुवर्षे राहतो. मातीत पुरलेल्या बांबूतून चार महिन्यांच्या पावसात तो झिरपून जातो आणि मागे उरतो तो पुन्हा साधा बांबू. कुंपणाचे खांब माणग्याचे होते, म्हणजे आधीच कमी मुरलेले. ते फूटभर मातीत गाडलेले होते. आणि वाफ्यांना रोज पाणी मिळत असल्याने माती उन्हाळ्यातही ओली राहत होती. दुसऱ्या पावसाळ्यानंतर हाताने हलवले तर खांब जमिनीलगत लचकले, आणि एकाच्या बुडाशी वाळवीची माती लागलेली होती. जमिनीपासून वीतभर वरचा भाग अजूनही टणक आहे. बोरॉन काम करत होता, पण जिथे तो राहू शकत नाही तिथे त्याला ठेवले गेले.

वखारीच्या कारागिरांना हे माहीत नव्हते असे मला वाटत नाही. कुंपण कुठे लागणार आहे हे त्यांनी जागेवर येऊन पाहिले होते, आणि ‘ट्रीटमेंटचा आहे, घाला बिनधास्त’ हाच त्यांचा सल्ला होता. माझी दुसरी, आणि मोठी, तक्रार हीच. मातीत उभ्या राहणाऱ्या बांबूसाठी तांबे, क्रोम आणि बोरॉन यांचे मिश्रण वापरतात. बोरिक ॲसिड, मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि डायक्रोमेट (क्रोमियमचा क्षार) दीड, तीन आणि चार या प्रमाणात. क्रोमियममुळे तांबे बांबूत घट्ट बसते आणि पावसाने सहज धुऊन जात नाही. बांबूला थोडी हिरवट छटा येते. या वखारीत ते मिश्रण वापरत नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांना दोष देणार नाही, कारण डायक्रोमेट विषारी आहे, कामगारांसाठी धोक्याचे आहे आणि त्याची विल्हेवाट नीट लावणे वखारीच्या आवाक्यातले काम नाही. भाजीच्या वाफ्याशेजारी मला ते नकोच होते. पण मग त्यांनी सांगायला हवे होते की आमचा बांबू मातीत घालू नका, खांब लोखंडी पाइपचे घ्या आणि त्यांना बांबूच्या ताट्या लावा.

मांडव आणि छपरी मात्र त्यांच्या मुख्य मिस्त्रींनी केली, आणि तिथे फरक स्पष्ट दिसतो. मिस्त्री बुरूड घराण्यातले आहेत. टोपल्या-सुपांच्या कामातून बांधकामाकडे आलेले. मांडवाचा एकही खांब जमिनीला लागत नाही. सिमेंटचा लहान चौथरा, त्यातून वर आलेली जाड गंजरोधक सळई, आणि त्या सळईवर चौथऱ्यापासून वीतभर वर उचलून बसवलेला बांबू, अशी त्यांची रचना आहे. चौथऱ्याचा माथा उतरता ठेवला आहे, म्हणजे त्यावर पाणी थांबत नाही. खांबाचे वरचे टोक त्यांनी गाठीच्या लगेच वर कापले. गाठीपासून दूर कापले तर वर वाटी तयार होते, तिच्यात पाणी साचते, आतून कूज सुरू होते, आणि शिवाय डास होतात. कापलेल्या बांबूंच्या पेरांत साचलेले पाणी हे डेंग्यूचा डास अंडी घालतो अशा ठिकाणांपैकी एक आहे. पावसाळ्यात पालिकेचे कर्मचारी कुंड्यांखालच्या ताटल्या तपासायला येतात. मांडवाच्या टोकांकडे कोणी बघत नाही. बागेतल्या कोणत्याही बांबूची वरची टोके गाठीवर कापलेली आहेत ना, किंवा सिमेंटने बुजवलेली आहेत ना, हे ज्याने त्याने बघावे.

सांध्यांबद्दलही चांगलेच लिहायचे आहे. मिस्त्रींनी खिळा कुठेच मारला नाही. आधी ड्रिलने भोक पाडून गॅल्व्हनाइज्ड बोल्ट घातले आणि त्यावर दोरीचे वेढे दिले. काथ्या दिसायला सुंदर, पण तो एका पावसाळ्यात सैल पडतो आणि बांबूला ओल धरून ठेवतो, म्हणून आत नायलॉन आणि वरून शोभेपुरता काथ्या अशी तडजोड झाली. एकच गोष्ट आम्हाला सांगून करून घ्यावी लागली. जागेवर बांबू कापला किंवा भोक पाडले की तिथला कमी मुरलेला भाग उघडा पडतो, आणि त्या प्रत्येक छेदाला तेच द्रावण ब्रशने दोन-तीनदा पाजायला हवे. वखारीतून द्रावणाचा डबा बरोबर आणलेला नव्हता. विचारल्यावर दुसऱ्या दिवशी आला. छपरीच्या कामात छेद पाजले गेले, कुंपणाच्या कामात गेले नाहीत, हेही वरच्या निकालाला कारण असावे.

वखारीच्या माहितीपत्रकात ‘पंचवीस वर्षे टिकणारा बांबू’ असे छापलेले आहे. कुठे, कसा, हे त्यात नाही. छपराखाली, जमिनीपासून वर, देखभालीसह बोरॉनचा बांबू पंधरा वर्षांच्या पुढे जाऊ शकतो; उघड्या पावसात तो आकडा बराच खाली येतो, आणि मातीत तर आमच्यासमोर आहेच. भारतीय मानक ब्यूरोने यासाठी संहिता केलेल्या आहेत: बांधकामात वापरायच्या बांबूच्या संरक्षणासाठी आयएस 9096 आणि इतर वापराच्या बांबू-वेतासाठी आयएस 1902. त्यांत वापराच्या जागेनुसार रसायन आणि पद्धत निवडायला सांगितले आहे. पत्रकावर वर्षांचा आकडा छापण्यापेक्षा बिलावर रसायनाचे नाव, द्रावणाची टक्केवारी आणि भिजवण्याची तारीख लिहिली तर गिऱ्हाइकाचा जास्त उपयोग होईल. आम्ही मागितल्यावर त्यांनी ते बिलावर लिहून दिले. वाहतुकीच्या कागदांची कटकट झाली नाही. 2017 च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू भारतीय वन कायद्याच्या दृष्टीने झाड राहिलेला नाही, त्यामुळे खासगी जमिनीवरचा बांबू तोडणे आणि आणणे सोपे झाले आहे.

तोडीच्या हंगामाबद्दल वखारीत एक ठाम मत ऐकायला मिळते: कृष्णपक्षातच तोडायचा, नाहीतर कीड लागते. पूर्वी कोकणात तोडलेला बांबू ओढ्याच्या किंवा तळ्याच्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवत. त्यात पिष्ट आणि साखर आंबून निघून जाते आणि भुंगेऱ्यांना आकर्षण उरत नाही, हे त्यामागचे कारण आहे, मात्र बुरशी आणि वाळवी त्याने थांबत नाहीत. मला तिथीपेक्षा वयाची चौकशी महत्त्वाची वाटते. बांधकामाला तीन ते चार वर्षांचा पक्व बांबू लागतो. वर्षाच्या आतला कोवळा बांबू वाळताना आकसतो आणि सुरकुततो. पावसाळ्यात नवे कोंब वाढत असताना तोडू नये, दिवाळीनंतर थंडीत तोडावा. कोवळा कसा ओळखायचा हे मिस्त्रींनी दाखवले: गाठींजवळ पांढरी पावडर आणि पेरावर सुकलेला वेष्टनाचा तुकडा असेल तो कोवळा, साल मंद, ठिपकेदार झालेली आणि टिचकी मारली तर खणखणीत वाजणारा तो पक्का. आमच्या खेपेत थोडे कोवळे निघाले, ते त्यांनी न कुरकुरता बदलून दिले.

किमतीचे सांगायचे तर परांचीला वापरतात तो साधा बांबू ठाण्यात कुठेही स्वस्त मिळतो, आणि हा बांबू त्याच्या दुपटीहून थोडा अधिक पडला. मांडवासारख्या कामात मजुरी, चौथरे आणि बोल्ट यांचा खर्च बांबूपेक्षा मोठा असतो, तेव्हा दोन वर्षांनी पुन्हा तीच मजुरी देण्यापेक्षा हा फरक परवडतो. दिलेली तारीख पाळली गेली नाही. उशीर फार नव्हता, पण कोणी फोन करून कळवले नाही.

माल आला तेव्हा बऱ्याच बांबूंवर क्षारांची पांढरी भुकटी वर आलेली होती. ती कुजण्याची खूण नाही, पण पाइप लावून ती बागेत धुऊन काढू नये. बोरॉन वनस्पतींना अगदी थोडा लागतो आणि थोडा जास्त झाला तर पानांच्या कडा करपतात. ओल्या फडक्याने पुसावे, फडके धुतलेले पाणी वाफ्यात टाकू नये. बोरिक ॲसिड माणसांना इतर बऱ्याच लाकूड-रसायनांपेक्षा कमी घातक असले तरी ते पोटात जाता कामा नये. लहान मुलांच्या झोपाळ्याच्या दांडीला किंवा पाळीव प्राणी चावतील अशा ठिकाणी हा बांबू मी लावणार नाही. आणि जुने तुकडे चुलीत किंवा शेकोटीत घालू नयेत.

बांबूवर वरून काय लावायचे याबद्दल वखारीचा सल्ला चमकदार व्हार्निशचा होता. आम्ही छपरीला तो मानला आणि मांडवाला जवसाचे तेल लावले. व्हार्निश छपराखाली अजून तसाच आहे. मांडवावर तो लावला असता तर ऊन-पावसाने पापुद्रे निघाले असते आणि त्यांच्याखाली ओल कोंडली असती. तेल दर वर्षी मेमध्ये पुन्हा लावावे लागते. दुसऱ्या वर्षी ते राहून गेलेल्या बाजूचा बांबू आता राखाडी झाला आहे आणि त्यावर बारीक भेगा आहेत, पण भुगा कुठेही नाही. कोकणात काजूच्या टरफलांचे तेल लाकडाला लावतात आणि ते जवसापेक्षा चिवट असते. मात्र ते कातडीला पोळते, त्यामुळे लोकांचे हात लागतील अशा बाकांजवळ आम्ही ते टाळले.

कुंपण आता काढून टाकले आहे. त्याचे वरचे टणक भाग कापून तोंडलीच्या वेलांना आडव्या काठ्या म्हणून लावले, कारण तिथे ते मातीला लागत नाहीत. नव्या कुंपणाची ऑर्डर याच वखारीला दिली आहे: खांब गॅल्व्हनाइज्ड पाइपचे, ताट्या पोकळ बांबूच्या चिरलेल्या पट्ट्यांच्या आणि जमिनीपासून चार बोटे वर. पट्ट्या आधी चिरून मगच टाकीत घालायच्या, म्हणजे आतली बाजू पूर्ण उघडी मिळते, असे मिस्त्रींनी स्वतःहून सुचवले. मालकांनी माल दिवाळीनंतरच्या पहिल्या तोडीचा देण्याचे कबूल केले आहे, आणि बाईंनी हळदीचा अर्क आतापासूनच करून ठेवला आहे.